हप्ते शेवटून खोडा

घरकर्ज मुदतीआधी फेडायचं, असं ठरवून आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पुष्कळ जण जोमानं सुरुवात करतात. चिखली, खामगाव, मलकापूर इथल्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला, घर बांधलं, वास्तुशांती झाली. पहिल्या दिवाळीला बोनसमधले थोडे पैसे कर्जात भरले. महागाई भत्त्याची थकबाकी आली, तीही भरली. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात थांबतो. पैसा अगदीच नसतो असं नाही, पण मन खचलेलं असतं. आज मी या खचण्याबद्दलच बोलणार आहे. कर्ज कसं मिळतं, कागदपत्रं कोणती लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात आपली मिनिटं घालवत नाही.

मन खचतं ते खात्याचा उतारा पाहून. समजा, २० लाखांचं कर्ज आहे, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो १७,९९५ रुपयांचा. पहिल्या हप्त्यातले १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात पडतात २,९९५. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात, म्हणजे जवळजवळ १० लाख ८० हजार दिलेत, तरी मुद्दल उतरतं अवघं सव्वादोन लाख. निम्मं मुद्दल फिटेपर्यंत चौदावं वर्ष सरत येतं. हे आकडे बघून माणूस म्हणतो, ‘एवढं भरूनही पावणेअठरा लाख उभेच, मग वरचे दोन-तीन हजार टाकून काय होणार?’

इथेच गफलत होते, श्रोतेहो. उरलेल्या रकमेकडे बघाल तर सुरुवातीची वर्षं सर्वांत निराशेची दिसतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत जास्तीचा भरलेला रुपया सर्वांत जास्त काम करतो.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी सोयाबीन आहे. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी निंदण येतं. तण दोन-चार पानांवर असतं तेव्हा चिमटीनं उपटून निघतं. तेच महिनाभर राहू दिलं तर मुळं खोल जातात, विळा लागतो, दुप्पट मजुरी जाते, आणि तोवर पिकाचं खत नि ओल त्यानं खाऊन टाकलेली असते. उशिरा केलेलं निंदण वाया जातं असं नाही, पण लवकर केलेल्याची सर त्याला येत नाही. व्याजाचं असंच आहे. पहिल्या वर्षांतलं व्याज हे कोवळं तण आहे, थोड्या पैशात निघतं.

किती थोड्या? बँकेकडून परतफेडीचा तक्ता घ्या. बँकेत त्याला रिपेमेंट शेड्यूल म्हणतात. प्रत्येक हप्त्याची एक ओळ. तीत व्याज किती, मुद्दल किती, ते लिहिलेलं असतं. मघाच्या कर्जात दुसऱ्या ओळीतलं मुद्दल आहे ३,०१७ रुपये. पहिल्या हप्त्याबरोबर हे ३,०१७ रुपये जास्तीचे भरले, की तुम्ही एक ओळ ओलांडून पुढे गेलात, आणि तक्त्याच्या तळाचा १७,९९५ रुपयांचा एक अख्खा हप्ता गळाला. तीन हजारांत अठरा हजारांचा हप्ता! अशीच एक ओळ पाच वर्षांनी ओलांडायची तर ४,६८८ रुपये लागतात, दहा वर्षांनी ७,३४१.

मोठ्या रकमेचंही तेच. एक लाख रुपये कर्जाच्या आरंभी भरले तर ३० हप्ते जातात. पाच वर्षांनी भरले तर २०, दहा वर्षांनी १३, पंधरा वर्षांनी जेमतेम ८. लाख तोच, पण निंदण उशिरा झालं.

म्हणून सांगतो, कर्ज किती उरलं हे मोजू नका. शेवटचे हप्ते किती कापले, ते मोजा. पुन्हा सांगतो, कारण हा मुद्दा कानावरून निसटतो: उरलेली रक्कम बघू नका, कापलेले हप्ते मोजा.

मेहकर तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं हे फार चांगलं केलं आहे. त्यांच्या तक्त्यात २४० ओळी, म्हणजे सहा पानं. शेवटची ओळ डिसेंबर २०४२ ची. आणि बाईंची सेवानिवृत्ती जून २०३८ मध्ये. त्यांनी जून २०३८ च्या ओळीखाली एक जाड रेघ ओढली. रेघेखाली राहिल्या ५४ ओळी. पगार थांबल्यावरचे ते ५४ हप्ते नकोत, एवढंच त्यांनी ठरवलं. तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. जास्तीची रक्कम भरली, बँकेकडून नवी मुदत लिहून घेतली, की घरी येऊन लाल पेनानं तळापासून तेवढ्या ओळी खोडायच्या आणि कडेला तारीख टाकायची. खोडायचं काम मुलांकडे. ‘आई, २०४२ संपलं,’ असं मुलगी ओरडत स्वयंपाकघरात येते, तेव्हा पुढच्या महिन्याचे पैसे बाजूला ठेवायला आणखी कुणी सांगावं लागत नाही.

५४ ओळी म्हणजे फार वाटतात ना? त्याच २० लाखांच्या कर्जात पहिल्यापासून दर महिन्याला २,००० रुपये जास्त भरत गेलात, तर २० वर्षांचं कर्ज साडेपंधरा वर्षांत फिटतं. बरोब्बर ५४ हप्ते कमी होतात आणि व्याजाचे सहा लाख वाचतात. दरमहा जमत नसेल तर वर्षाअखेरीला एक हप्ता जास्तीचा भरा; तरी साडेतीन वर्षं वाचतात.

निंदणाला बसलेली बाई आपली पात धरते. समोरच्या धुऱ्याकडे बघत बसली तर अर्ध्या तासात कंबर धरेल. ती हाताखालचं बघते, आणि पाठ सरळ करायला उठली की मागं वळून मोकळं झालेलं रान बघते. तेवढ्यानं पुन्हा बसायला बळ येतं. तुम्हीही धुऱ्याकडे बघू नका. महिन्याची पात काढा, आणि मागचं खोडलेलं बघा.

आपला जिल्हा पतसंस्थांचा. १९८६ साली बुलडाणा अर्बन इथेच सुरू झाली आणि राज्याबाहेर गेली. दुकानाच्या गल्ल्यातून रोजची पिग्मी द्यायची सवय इथल्या माणसाला नवी नाही. रोज १०० रुपये बाजूला पडले की महिन्याला ३,००० होतात. कर्ज नवं असेल तर तीच जवळजवळ एक ओळ. नोकरदारानं पगाराच्या दिवशीच ही रक्कम वळती करावी. महिन्याच्या शेवटी उरेल ते भरू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही, हे तुम्हीही जाणता. शेतकऱ्यानं सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की त्याच आठवड्यात ठरलेला भाग भरावा.

आणि बँकेत गेलात की एक वाक्य ठासून सांगा, अर्जावर लिहूनच द्या: ‘हप्ता आहे तोच ठेवा, मुदत कमी करा.’ हप्ता कमी करून घेतलात तर हाती आलेले चार पैसे संसारात विरून जातात आणि ओळी तशाच उभ्या राहतात. दर उतरले तरी हेच. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला. अशा वेळी हप्ता हलका करून घेऊ नका, जुनाच चालू ठेवा. दर चढतात तेव्हा उलटं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. कितीतरी जणांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की कर्जदाराला हे कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला ठरवू द्या. तेव्हा वर्षातून एकदा तरी विचारा, ‘माझी शेवटची तारीख कोणती?’

जास्तीचं भरलं तर दंड बसेल, ही भीती अजून ऐकू येते. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना जून २०१२ पासून मनाई केली आहे. जर्मनीत ठरलेल्या दराचं कर्ज लवकर फेडायचं तर कर्जदाराला सहसा बँकेची भरपाई करून द्यावी लागते. आपल्याला ही मोकळीक फुकट मिळाली आहे. तिचा उपयोग न करणं हे मला खरंच पटत नाही. पतसंस्थेचं किंवा ठरलेल्या दराचं कर्ज असेल तर मात्र मंजुरीपत्रातली अट वाचा.

दुसरा आक्षेप प्राप्तिकराचा. ‘व्याजावर सूट मिळते, मग फेडता कशाला?’ जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे, हे खरं. पण ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचेही रुपयामागे ३१ पैसे वाचतात. ६९ पैसे जातातच. आणि नव्या करपद्धतीत राहत्या घराला ती वजावटच नाही.

एक पथ्य मात्र पाळा. बियाण्या-खताचे पैसे, मुलांची फी आणि दुखण्याखुपण्यासाठी चार-सहा महिन्यांचा खर्च, याला हात लावून कर्ज फेडू नका. जूनमध्ये पेरणीसाठी जास्त व्याजानं उसने काढायचे आणि मार्चमध्ये घरकर्जात भरायचे, हे शहाणपण नव्हे. एखाद्या वर्षी पाऊस दगा देईल, त्या वर्षी काही भरू नका. हप्ता तेवढा सांभाळा. एक पात राहिली म्हणून कुणी शेत सोडून देत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा बसा.

शेवटचा हप्ता फिटल्यावर तीस दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची, हयगय झाली तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ती कागदपत्रं मागून घ्या, बेबाकी दाखला घ्या, आणि सातबाऱ्यावरचा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा लगेच उतरवा. यात आळस नको.

समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का, यावर बोलायचं होतं. दरातला फरक, प्रक्रिया शुल्क, पुन्हा गहाणखताचा खर्च... ते आता होणार नाही. एवढंच सांगतो: कुठेही न्या, पण नव्या बँकेत मुदत पुन्हा २० वर्षांची करून घेऊ नका. खोडलेल्या ओळी परत लिहिल्यासारखं होईल. बँक उघडली की परतफेडीचा तक्ता मागा, आणि घरी आल्यावर वाचायला शेवटच्या पानापासून सुरुवात करा.