आग्नेयेकडे बघणारी तबकडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी मात्र आज गच्चीवरच्या तबकडीवर बोलणार आहे. त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला घरी आले, तर टीव्हीवर कापड घातलेलं. आई म्हणाली, "बारा दिवस झाले बंद होऊन. पैसे संपले असतील." ते पैसे दरमहा पुण्यातून मी भरायचे आणि या वेळी मी विसरले होते. त्या बारा दिवसांत आमचा फोन रोज झाला होता. "सांगितलं का नाहीस?" विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या कामात कुठं मध्ये यायचं?" आई चौऱ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी. संध्याकाळच्या बातम्या म्हणजे तिला घरात कुणीतरी बोलल्यासारखं.

तेव्हाच ठरवलं, महिन्याचे पैसे लागणारच नाहीत असं काहीतरी बसवायचं. दूरदर्शनची तशी सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. साहित्य एकदा घ्यायचं, मग दरमहा काही नाही. आईला सह्याद्री मिळते आणि शेजारच्या कानडी बोलणाऱ्या अक्कांना चंदनाही.

पण मी पडले इंजिनिअर. सोपं काम अवघड केलं. रेकॉर्डिंग होणारा, चार उपग्रह जोडता येणारा महागडा बॉक्स घेतला. दोन फुटी तबकडी स्वतः बसवली. जुनी वायर होतीच, तीच जोडली. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या जोराची आणि एक दर्जाची. जोर ८५, दर्जा शून्य! लहानपणी आपण अँटेना फिरवत "आलं का?" म्हणून गच्चीवरून ओरडायचो, तसं मी दोन तास ओरडले. आई खालून प्रत्येक वेळी शांतपणे "नाही" म्हणत होती.

शेवटी आपल्याच वर्गातल्या एकाला फोन केला. मागच्या बाकावर बसायचा, आता डिश दुरुस्ती करतो. नाव सांगत नाही, समोरच बसलाय, लाजेल. वर येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, "टीव्ही कुणाला बघायचाय? तुला का काकूंना?" बॉक्सचा रिमोट हातात घेऊन म्हणाला, "एवढी बटणं काकू कशाला दाबतील?"

मग त्याने सगळं समजावलं. जोराची पट्टी फक्त एलएनबी आणि वायर जिवंत आहेत एवढंच सांगते. नेमका उपग्रह सापडला की नाही, हे दर्जाच्या पट्टीवरून कळतं. ती शून्य असेल तर तबकडी भलतीकडेच बघते आहे किंवा मध्ये काहीतरी आहे.

भूगोलाच्या बाई, इथे तुमची आठवण झाली. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर, ७५.९ अंश पूर्व. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. गणित मांडलं तर आपल्या गावातून तो उत्तरेपासून १३४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ६१ अंश वर येतो. मी दिशा बरोबर धरली होती. चूक उंचीची होती. ही तबकडी उभी दिसते, पण दिसते त्यापेक्षा बरीच वर बघते. समोर मोकळं होतं, वरून मात्र कडुलिंबाची फांदी आडवी आली होती. झाड तोडलं नाही. तबकडीच सहा फूट सरकवली.

आता ज्यांना बसवायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी आग्नेयेचं आकाश बघा, मग खरेदीला जा. ही सेवा केयू बँडवर आहे, म्हणून दोन फुटी तबकडी पुरते. जोराच्या पावसात चित्र वरचेवर जात असेल तर तीन फुटी घ्या. सहा-आठ फुटी जाळीच्या तबकड्या सी बँडच्या. त्यांना पावसाचा त्रास कमी, छंद म्हणून छान, पण म्हाताऱ्या माणसाच्या गच्चीवर वाऱ्याला धोका. बॉक्स एमपेग-४ चा घ्या, तो जुन्या एमपेग-२ वाहिन्याही दाखवतो. वायर नवी आरजी-६ घ्या आणि बाहेरच्या जोडावर पाणी जाणार नाही असं बघा. एलएनबीही थोडा पिळून बसवावा लागतो. दर्जाची पट्टी बघत हळूहळू फिरवा. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास चित्र काही मिनिटं गेलं, तर घाबरू नका. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो.

आईचं सगळं साधारण दोन हजारांत झालं. रिमोटवर तिला लागतात त्या चार बटणांवर आम्ही लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. माझा महागडा बॉक्स पुण्यात माझ्याच कपाटात आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. आईशी माझा फोन रोज व्हायचा, म्हणजे जोराची पट्टी भरलेली होती. "जेवलीस का, गोळी घेतलीस का" यापलीकडे मी काही विचारतच नव्हते. आता विचारते, "आज टीव्हीवर काय बघितलंस?" मग ती अर्धा तास बोलते.

आपल्यापैकी निम्मे जण पुणे, मुंबई, हैदराबादला आहोत आणि आई-वडील इथे. आज घरी गेल्यावर एकदा टीव्ही लावून बघा. आणि सर, बाई, तुमच्यापैकी कुणाचा बंद असेल तर संकोच करू नका. हा मागच्या बाकावरचा आणि मी, दोघं उद्या रविवारी सोलापुरातच आहोत. शिडी त्याची आहे. खालून "आलं का?" विचारायचं काम मी करेन.