निर्णयाच्या वेळी माहिती



अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्या, समुपदेशन करणाऱ्या आणि आर्थिक मदतीच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज मला बोलायचे आहे ते कायद्याने विद्यार्थ्यांना द्याव्या लागणाऱ्या माहितीविषयी. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्याकडे येणारा विद्यार्थी पुष्कळदा नोकरी सांभाळून शिकतो, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच असतो, आणि अपुऱ्या माहितीवर घेतलेला एक निर्णय त्याचे शिक्षण तोडू शकतो.

या नियमांमागे माणसे आहेत. एप्रिल १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. कॅम्पसवरच्या आधीच्या गुन्ह्यांची कल्पना पालकांना असायला हवी, यासाठी तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १९९० चा कायदा झाला. त्याच कायद्याने किती विद्यार्थी शिक्षण पूर्ण करतात हे जाहीर करण्याचे बंधनही घातले. २००८ मध्ये पुस्तकांच्या किमती, क्रेडिट हस्तांतराची धोरणे आणि प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज यांची भर पडली. एका दुःखातून सुरू झालेले हे काम आज बऱ्याच कॉलेजांत तपासणीपुरते उरले आहे, याचे मला वाईट वाटते. वर्षातून एकदा सर्व विद्यार्थ्यांना एक ईमेल जातो, त्यात कोणती माहिती कुठे आहे ते लिहिलेले असते, आणि कायद्याचे समाधान होते.

शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणच घ्या. हा आकडा मोजताना प्रथमच प्रवेश घेतलेले, पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थीच धरतात आणि दोन वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षांची मुदत देतात. आपल्या वर्गांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ आहेत. ते या हिशेबात नाहीत. दुसरीकडे थोडे शिकून पुन्हा परतलेलेही नाहीत. पदवी न घेता चार वर्षांच्या विद्यापीठात गेलेली मुलगी पूर्ण करणाऱ्यांत धरली जात नाही. तिची नोंद वेगळ्या रकान्यात होते. अर्धवेळ आणि परतलेल्या विद्यार्थ्यांना मोजून आठ वर्षांपर्यंतची स्थिती दाखवणारे आकडे केंद्रीय शिक्षण खाते २०१५-१६ पासून गोळा करते. ते आपल्याकडे आहेत, तरी प्रवेशाच्या टेबलावर ते मी क्वचितच पाहिले आहेत.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो सेमिस्टर मधेच सोडण्याचा नियम. त्यावर थोडा वेळ घेतो. सेमिस्टरचा ६० टक्के काळ होण्याआधी विद्यार्थ्याने सगळे विषय सोडले, तर जितका काळ तो शिकला तितक्याच प्रमाणात केंद्र सरकारची मदत त्याची होते. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये पाचव्या आठवड्याअखेर घरच्या आजारपणामुळे एखादी मुलगी बाहेर पडली, तर तिच्या पेल ग्रँट या केंद्रीय अनुदानाचा दोन तृतीयांश भाग तिने मिळवलेलाच नाही असे ठरते. कॉलेज आपल्या वाट्याची रक्कम सरकारला परत करते आणि मग तीच रक्कम थकलेली फी म्हणून तिच्या नावावर मांडू शकते. फी परत मिळण्याची मुदत तोवर उलटलेली असते. एक पैसाही कर्ज न काढलेली मुलगी कर्जदार होते, आणि तो आकडा डोक्यावर असेपर्यंत परत यायला धजत नाही. दहावा आठवडा पुरा करून ती गेली असती, तर ग्रँट पूर्ण तिची राहिली असती. सगळे विषय न सोडता एखादा हलका विषय चालू ठेवता आला असता का, हेही तिच्याशी बोलून पाहता आले असते. नियम जाहीर केलेला होता, यात शंका नाही. पण अर्जावर सही करताना तिच्यासमोर तो कोणी मांडला नाही.

क्रेडिटचेही तसेच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दाखवून दिले की २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. कोणत्या विद्यापीठांशी आपला करार आहे याची यादी देणे बंधनकारक आहे. पण आपला विषय तिथे मुख्य अभ्यासक्रमात धरतील की नुसता ऐच्छिक म्हणून, हे त्या यादीवरून कळतेच असे नाही.

आपल्या समाजाशी याचा थेट संबंध आहे. पतीच्या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी भगिनी व्हिसा न बदलता कम्युनिटी कॉलेजात शिकू शकतात. त्यांना केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही, आणि स्थानिक रहिवाशाची फी लागू होईल की नाही ते राज्यागणिक बदलते. प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र मात्र मुख्यतः पूर्णवेळ, मदतीस पात्र विद्यार्थी समोर ठेवून बनवलेले असते. त्यावर विसंबून घरचे अंदाजपत्रक आखले, तर पहिल्या बिलालाच ते कोसळते.

म्हणून दुपारच्या सत्रापुढे मी तीन गोष्टी ठेवतो. प्रवेशाच्या टेबलावर तीन वर्षांच्या आकड्याशेजारी आठ वर्षांचा आकडा द्यावा. एच-४ कुटुंबांसाठी फी आणि मदतीचे नियम, राज्यवार, साध्या मराठीत आपण लिहून काढावेत. आणि सगळे विषय सोडण्याचा अर्ज स्वीकारण्याआधी एका कर्मचाऱ्याने विद्यार्थ्यासमोर बसून, आज सोडल्यास किती पैसे द्यावे लागतील आणि कोणत्या तारखेनंतर काहीच द्यावे लागणार नाही, हा हिशेब करून दाखवावा. सुरुवात या तिसऱ्या गोष्टीपासून करावी असे मला वाटते. तिला नवा कायदा लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या कचेरीत तो अर्ज आपणच तयार करतो.