नाही म्हणण्याचा हक्क कुणाचा?

(एटापल्ली येथे भरलेल्या महिला मेळाव्यात एका समाजकार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



पत्रकात माझा विषय 'वाहतूक आणि स्त्रिया' असा छापला आहे. मघाशी तो वाचून मागच्या दोघी हसल्या. बलात्कार, हिंसा, जमिनीचे पट्टे असे विषय असताना ही बाई गाड्यांवर काय बोलणार, असं वाटलं असेल. म्हणून आधी विचारते, आज इथे तुम्ही कशा आलात? कसनसूरकडच्या बायका काळी-पिवळीत मागच्या फळीवर आठ-आठ जणी बसून आल्या. दोघींना चालकाने आधी "सवारी फुल आहे" म्हणून उतरवलं आणि पुढच्या वळणावर तीन पुरुष घेतले. हे त्यांनीच मला चहा पिताना सांगितलं. तेव्हा माझा विषय एवढाच आहे. गाडीवाल्याला "नाही नेत" म्हणता यावं का? कुणाला म्हणता यावं, आणि कुणाला नाही?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. गाव सांगत नाही, बाईचं नावही नाही. तिसरं बाळंतपण. रात्री दहाच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. गावात टॉवर नाही, त्यामुळे १०८ ला फोन लावायला दीर टेकडीवर गेला. गाडी दुसरीकडे गेली होती, तिला वेळ लागणार होता. गावात एक जीप मुक्कामाला होती. चालक म्हणाला, "मी नाही नेत." नवऱ्याने पाया पडून पाहिलं. पहाटे दुसऱ्या गावाहून ट्रॅक्टर आला. बाई वाचली, बाळ गेलं.

मी त्या चालकाला जाब विचारायला गेले होते. मनात सगळं भाषण तयार होतं. तो खाटेवर बसला होता, आत त्याची बायको ऐकत होती. तो म्हणाला, "ताई, आधी एकदा नेलं होतं. गाडी धुवायला दोन दिवस गेले, भाडं अजून मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी बाया सीटवर बसायला तयार नव्हत्या, विटाळ म्हणत होत्या. आणि बाई वाटेत गेली असती तर? पोलीस मलाच बसवून ठेवले असते. गाडी माझी नाही, मालकाची आहे. मालक मला काय म्हणाला असता?" मी बराच वेळ गप्प बसले. त्याचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. बाळ गेलं ते गेलंच. पण त्याने सांगितलेल्या कारणांपैकी एक कारण आपणच होतो, हे मला खोटं म्हणता येईना. बाळंतिणीच्या सीटवर बसायला नको म्हणणाऱ्या बायका, म्हणजे आपणच ना?

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १७८ आहे. परवाना घेऊन भाड्याने गाडी चालवणाऱ्याने नियम मोडून प्रवासी नाकारला तर तो गुन्हा आहे. दंड किती? दोन-तीन चाकी गाडीला जास्तीत जास्त पन्नास रुपये. इतर गाड्यांना आधी दोनशे होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशे झाला. एका बाईच्या रात्रीची ही किंमत! पण ते सोडा. हा दंडसुद्धा आपल्या आतल्या गावांत पोचत नाही. कारण तो परवानाधारकाला लागू आहे. आपल्याकडे आत फिरणाऱ्या कित्येक गाड्या पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी. त्यांनी मुळात भाडं घेणंच बेकायदा. मग "मला नाकारलं" अशी तक्रार कुठे करायची? करायला गेलात तर पहिली ती गाडीच बंद होईल, आणि मग तुम्ही चालत जाल. ही आपली खरी अडचण आहे. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना ती समजावून सांगावी लागते.

त्यांच्याकडे वेगळं दुखणं. तिथे टॅक्सी-रिक्षावाले जवळचं भाडं नाकारतात म्हणून ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईत लोकांनी 'मीटर जॅम' नावाने एक दिवसाचा बहिष्कार घातला होता. मग मोबाइलवरून बोलवायच्या ओला-उबर आल्या. चालकाला कुठे जायचंय ते आधी कळू द्यायचं नाही, म्हणजे तो नाकारणार नाही, अशी युक्ती झाली. तरी चालक फोन करून विचारतात, "कुठे जायचंय? रोख देणार का?" आणि रद्द करतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वं काढली. सबळ कारण नसताना रद्द केलं तर भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये कापायचे. चालक म्हणतात, पेट्रोल आमचं, कर्ज आमचं, कंपनी वाटा घेते आणि नाही म्हणायची सोयही नाही. तेही खोटं नाही. पण त्यांचा नकार रुपयांचा हिशेब असतो. नकाराची दुसरी एक जात आहे, ती आपल्या देशात फार जुनी आहे.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती. त्या कामात ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात जायला एकही टांगेवाला त्यांना नेईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला. पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य, त्यालाही टांगेवाला नाही म्हणू शकत होता. त्याआधी १९०१ मध्ये ते लहान असताना मसूर स्टेशनवर गाडीवानांनी असंच केलं होतं. दुप्पट भाडं दिलं आणि गाडी मुलांनीच हाकली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात सार्वजनिक वाहनाचा उल्लेख आहे, तो उगाच नाही.

म्हणून "चालकालाही स्वातंत्र्य आहे" असं कुणी सरसकट म्हणाला की मी सावध होते. कुणाच्या विरुद्धचं स्वातंत्र्य, हे आधी विचारायला हवं. आपल्या जिल्ह्यातच पाहा. जीपवाला माडिया बाईला नाही म्हणू शकतो. डोक्यावर मोहफुलाचं टोपलं असलं, सोबत आजारी म्हातारा असला तर लगेच म्हणतो. पण ठेकेदाराच्या माणसाला नाही म्हणू शकतो? वर्दीला? इथल्या चालकांनी अनेक वर्षं दोन्ही बंदुकांच्या मध्ये गाडी चालवली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस मेले. त्यांच्याबरोबर सोळावा मेला, तो खाजगी गाडीचा चालक. त्याच्यासारख्या चालकाला "आज नाही येत" म्हणायची कितपत मुभा असते, ते आपल्याला इथे ठाऊक आहे. नकार नेहमी वरून खाली वाहतो. वरच्याला देता येत नाही, म्हणून खालच्याला जास्त जोरात दिला जातो. घरातही असंच चालतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. चालक बाई असली तर? सिरोंचा तालुक्यातल्या रेगुंठ्याच्या किरण कुर्मा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. एम.ए. झालेली मुलगी, जंगलातल्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवायची; २०२३ मध्ये परदेशी शिक्षणासाठी शासनाने तिला मदत दिली. शहरांत २०२४ पासून शासनाची गुलाबी ई-रिक्षाची योजना आहे. आपल्यातल्याही काही मुली उद्या चालक होतील, व्हाव्यात. रात्री आठ वाजता एक पिऊन आलेला माणूस म्हणतो, मला एकट्याला आत गावापर्यंत सोड. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायकांनी लढून आणली. तरी पिऊन येणारी सवारी कमी नाही, हे तुम्हीही पाहता. त्या मुलीला तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे की नाही? आलंच पाहिजे. आपल्या चळवळीने बाईच्या "नाही"साठी इतकी वर्षं घालवली, आणि रस्त्यावर मात्र तिने कुणालाही नेलंच पाहिजे म्हणायचं, हे मला जमणार नाही.

मग चाळीसगावचा टांगेवाला आणि ही मुलगी यांत फरक कुठे? मला तो असा दिसतो. ती माणूस काय करतो आहे ते पाहून नाही म्हणते. तो प्यायला आहे, अंगाला हात लावतो, धमकी देतो. टांगेवाला समोरचा माणूस कोण आहे ते पाहून नाही म्हणत होता. जात, भाषा, कपडे, पोटात मूल असणं, आजार, गरिबी ही कुणाची वर्तणूक नव्हे. या कारणाने नकार देणाऱ्याला मी परवानाच देणार नाही. आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे भीती खरी असली तरी नकार मान्य नाही. पण इथे आपण थांबलो तर लबाडी होईल. भीती आणि खर्च दोन्ही त्या एकट्या चालकावर टाकून आपण मोकळ्या होतो. शासनही तेच करतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात आईबापांनी आपल्या दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून वाट तुडवली. ते चित्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. तिथे कुठल्या जीपवाल्याला दोष द्यायचा?

गरोदर बाईला घरून दवाखान्यात मोफत नेणं ही २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासनाची जबाबदारी आहे. दिवस भरत आले की आधीच येऊन राहायला माहेरघर आहे. गाडी नाही आली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आशाताईची सही घ्या. १ जानेवारी २०२५ ला आपल्या तालुक्यात गर्देवाडा, वांगेतुरीकडे पहिल्यांदा एसटी गेली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पण जिथे एसटी नाही तिथे अर्धं तिकीट कशाचं अर्धं, हे मी दर बैठकीत विचारते. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

चालकांशी मी गेले सहा महिने बोलते आहे. तीन-चार जण आज मंडपाच्या कडेला उभेही आहेत. या भाऊ, पुढे बसा. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पैसे बुडणार नाहीत हे सांगा, आणि पोलिसांचं बघा. पोलिसांचं असं, की अपघातातल्या जखमीला पोचवणाऱ्याला त्रास द्यायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ म्हणून ते कायद्यात आलं. ते अपघातापुरतं आहे, बाळंतिणीसाठी नाही. म्हणून ठाण्यात आपल्याला वेगळं निवेदन द्यावं लागेल. पैशाचं मात्र आपल्या हातात आहे. आपल्या कितीतरी ग्रामसभांकडे तेंदू आणि बांबूचे पैसे येतात. त्यातून मंदिराला, मंडपाला रक्कम निघते. रात्रीच्या गाडीसाठी वेगळी रक्कम ठेवायचा ठराव आपण मांडायचा. चालक आधी नेईल, भाडं ग्रामसभा देईल, गाडी धुवायचे पैसेसुद्धा. दोन गावांनी असा ठराव घ्यायचं कबूल केलं आहे. तिसऱ्या गावात पुरुष म्हणाले, बायका रोज गाडी मागतील. मागू देत की! कळा काय हौसेने येतात?

आणि विटाळाचं आपलं आपण बघायचं. गाडीवाल्याने पुसलेल्या सीटवर पहिली कोण बसणार, ते आज ठरवून जा.

एक वही फिरवते आहे. गाव, रात्री मुक्कामाला असणारी गाडी, चालकाचा नंबर, फोन लागतो ती जागा, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून घेते. कसनसूरच्या बायकांची वही आधी भरून घेऊ, त्यांची गाडी चारला सुटते आणि आज ती फुल असणार आहे.