एका तबकडीची अनेक अंगे



नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने एक तबकडी बाजारात आणली. वादकसंचाचे नाव ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ आणि तबकडीचे नाव ‘द इनर माउंटिंग फ्लेम’. त्या संचाची ही पहिलीच ध्वनिमुद्रिका होय. जॅझ आणि रॉक या दोन संगीतप्रकारांच्या संयोगातून जो नवा प्रवाह त्या सुमारास निर्माण झाला, त्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत हिची गणना केली जाते. आज मला या तबकडीविषयी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. तीत काय वाजले ही पहिली, आणि जे वाजले ते प्लॅस्टिकच्या काळ्या चकतीवर कसे उतरले ही दुसरी. दुसरी गोष्ट पुष्कळांना गौण वाटते. मी भाषांतराचा व्यवसाय करते, त्यामुळे मूळ कृती आणि वाचकाच्या हाती पडणारी प्रत यांच्यामध्ये काय काय घडते याविषयी मला स्वाभाविकच कुतूहल आहे.

प्रथम नावांचा उलगडा करणे इष्ट ठरेल. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातील मंडपात चित्रपटगीते सादर करणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. येथे तसे काही नाही. येथे वादक फक्त पाच आहेत आणि गायक एकही नाही. ‘महाविष्णु’ हे नाव संचाचे प्रमुख, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांना त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिले. श्री चिन्मय यांचा जन्म १९३१ मध्ये पूर्व बंगालातील चितगाव भागात झाला. बालपणापासून ते पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात वाढले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तबकडीच्या शीर्षकात त्यांच्याच विचारांची छाया आहे. या शीर्षकाचे मराठी रूप काय करावे? ‘अंतर्ज्योत’ म्हटले तर वर चढण्याची क्रिया हरवते. ‘ऊर्ध्वगामी अंतर्ज्योती’ म्हटले तर ते एखाद्या आयुर्वेदीय ग्रंथातील प्रकरणाचे नाव वाटू लागते. ‘अंतरीची चढती ज्योत’ हे मला त्यातल्या त्यात बरे वाटते.

मॅक्लॉफ्लिन हे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे, जन्म १९४२ चा. १९६९ च्या आरंभी ते न्यूयॉर्कला आले आणि थोड्याच दिवसांत थोर तुतारीवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’ या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागले. स्वतःचा संच उभा करावा असा सल्लाही त्यांना डेव्हिस यांनीच दिला. मग जे चौघे एकत्र आले त्यांची गावे पाहावीत : तालवादक बिली कॉबम यांचा जन्म पनामाचा, बास वाजविणारे रिक लेअर्ड हे डब्लिनचे, व्हायोलिनवादक जेरी गुडमन हे शिकागोचे आणि कळफलकाची वाद्ये वाजविणारे यान हामर हे प्राग शहराचे. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरल्यानंतर हामर यांनी देश सोडला होता. अशा पाच मुलुखांतल्या पाच माणसांचा हा मेळ एका संस्कृत नावाखाली जमला. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील एका लहान क्लबात त्यांनी प्रथम जाहीरपणे वाजविले आणि ऑगस्टमध्ये तबकडीचे ध्वनिमुद्रणही झाले. एवढ्या थोड्या अवधीत इतके अवघड संगीत इतक्या एकजीवपणे वाजविले गेले हे मला आजही नवलाचे वाटते.

तबकडीवर एकंदर आठ रचना आहेत, सर्व मॅक्लॉफ्लिन यांच्या. भारतीय नाव पाहून जो कोणी येथे राग शोधू लागेल त्याची निराशा होईल. सतार नाही, तबला नाही, आलाप नाही. विजेवर चालणारी गिटार आहे, तिला उत्तर देणारे व्हायोलिन आहे, आणि या दोहोंच्या खाली कॉबम यांचा ताशा-नगाऱ्याला लाजविणारा ताल आहे. भारताशी खरे नाते कोठे असेल तर ते तालाच्या हिशेबात आहे. रॉक संगीत सामान्यतः चार मात्रांच्या घरात राहते. येथे ‘व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन’ ही रचना नऊ मात्रांत धावते. ‘द डान्स ऑफ माया’ मध्ये आरंभी दहा मात्रांचे एक मंद, काहीसे भयसूचक आवर्तन फिरत राहते. मध्येच सूर बदलून अमेरिकन ब्लूजची डौलदार चाल येते, ती वीस मात्रांची. आणि शेवटी पहिले आवर्तन दुसऱ्यावर चढविले जाते. दहाची दोन आवर्तने म्हणजे वीस, त्यामुळे दोन्ही चाली ठरावीक जागी गाठ घेतात. आपल्या झपतालातही मात्रा दहाच असतात, परंतु तेथील टाळी-खालीची व्यवस्था येथे नाही हे ध्यानात ठेवावे. साम्य हिशेबाचे आहे, व्याकरणाचे नव्हे. जे टीकाकार या तबकडीला ‘भारतीय’ म्हणतात ते नावाला भुलतात आणि जे तिचा भारताशी काडीचाही संबंध नाही म्हणतात त्यांनी मात्रा मोजलेल्या नसतात, असे माझे मत आहे.

आता या संगीताच्या देहाकडे वळू.

दीर्घ वादनाची, मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे तर तेहतीस पूर्णांक एकतृतीयांश फेरे घेणारी तबकडी कोलंबिया कंपनीनेच १९४८ मध्ये प्रचारात आणली. तिच्या एका बाजूवर खरे म्हणजे एकच खाच असते, बाहेरून आत चक्राकार जाणारी. आपल्या या तबकडीची पहिली बाजू सुमारे २४ मिनिटांची आहे. म्हणजे सुईला त्या खाचेतून सुमारे आठशे फेरे घ्यावे लागतात. एवढे फेरे चार बोटे रुंदीच्या पट्ट्यात बसवावयाचे असतात. आवाज जेवढा मोठा आणि मंद्र स्वर जेवढे भरदार, तेवढी खाच अधिक नागमोडी होते आणि अधिक जागा मागते. म्हणून वेळ वाढविला की आवाज थोडा आवरावा लागतो. कॉबम यांच्यासारखा तालवादक आणि २४ मिनिटांची बाजू, या दोहोंचा मेळ घालताना खाच कापणाऱ्या तंत्रज्ञाला केवढी कसरत करावी लागली असेल!

आणखी एक अडचण भूमितीची आहे. चकती सारख्याच गतीने फिरते, परंतु बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. मध्याजवळ पोहोचेपर्यंत हे अंतर सुमारे २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच सुरांना निम्म्याहूनही कमी जागा मिळते आणि तीव्र स्वर चरचरू लागतात. या दृष्टीने रचनांचा क्रम पाहण्याजोगा आहे. पहिल्या बाजूच्या अखेरीस ‘अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स’ ही शांत रचना आहे; तीत केवळ गिटार, व्हायोलिन आणि पियानो ही तीन वाद्ये विजेच्या साहाय्याविना वाजतात. आतल्या अरुंद फेऱ्यांना ती मानवते. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस मात्र ‘अवेकनिंग’ ही साडेतीन मिनिटांची रचना आहे, आणि ती साऱ्या तबकडीत बहुधा सर्वांत दाट व वेगवान आहे. सर्वांत अवघड मजकूर सर्वांत अडचणीच्या जागी! सुई झिजलेली असेल किंवा भुजा नीट बसविलेली नसेल तर ते तेथे तत्काळ उघडे पडते.

ठसा उमटविण्याची रीत थोडक्यात सांगते. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ द्रव्याचा थर देऊन त्यात प्रथम खाच कापतात. तिच्यावर चांदीचा सूक्ष्म लेप चढवून मग निकेलचा जाड थर बसवितात. तो सोलून काढला की खाचांच्या जागी उंचवटे असलेली उलटी प्रत मिळते. तिच्यावरून पुन्हा सुलटी धातूची प्रत, आणि त्या सुलट प्रतीवरून पुन्हा उलटे ठसे. हे ठसे यंत्रात बसवून वाफेने तापविलेला प्लॅस्टिकचा गोळा त्यांच्यामध्ये दाबतात, पाण्याने थंड करतात, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक तबकडी तयार होते. हजार-दोन हजार प्रती काढल्या की ठसा झिजतो व बदलावा लागतो. मूळ फितीपासून आपल्या घरातील तबकडीपर्यंत अशा पाच-सहा पिढ्या होतात. जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना ही वंशावळ ओळखीची वाटेल.

पाठभेद येथेही आहेत. अमेरिकेतील पहिल्या आवृत्तीचा क्रमांक केसी ३१०६७ असा आहे. मध्यभागी तांबडे लेबल आणि त्याच्या कडेने कंपनीचे नाव पुनःपुन्हा छापलेले. काही वर्षांनी किमतीचे वर्ग बदलले तेव्हा कंपनीने केसीच्या जागी पीसी ही अक्षरे घातली, अंक तेच राहिले. इंग्लंडमधील आवृत्ती सीबीएस या नावाने, नारिंगी लेबलवर, ६४७१७ या क्रमांकाने निघाली. कोलंबियाचे कारखाने त्या काळी न्यू जर्सीतील पिटमन, इंडियानातील टेर हॉट आणि कॅलिफोर्नियातील सांता मारिया या गावी होते. लेबल आणि खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर तिरप्या उजेडात पाहिले तर कोरलेले अंक दिसतात. त्यांच्या शेवटी १ए, १बी, २सी अशी काही खूण असते. ती खूण म्हणजे ही प्रत कोणत्या मूळ खाचेची वंशज आहे याचा दाखला.

जुन्या तबकड्यांच्या बाजारात ‘१ए’ या दोन अक्षरांना अवास्तव भाव येतो. विकणारा ती खूण बोटाने दाखवितो आणि घेणारा पाकीट काढतो. वस्तुस्थिती अशी की १ए, १बी, १सी या खाचा पुष्कळदा एकापाठोपाठ एक, एकाच बैठकीत, निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठविण्यासाठी कापल्या जात. त्यांच्यात थोरली-धाकटी असा भेद करण्यास आधार नाही. उलट १ए खाचेच्या झिजलेल्या ठशावरून निघालेली हजारावी प्रत ही २बी खाचेच्या ताज्या ठशावरील दहाव्या प्रतीपेक्षा निकृष्ट असू शकते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर प्लॅस्टिक महागले, तबकड्या पातळ झाल्या आणि जुने प्लॅस्टिक वितळवून वापरण्याचे प्रमाण वाढले, हेही खरे आहे. म्हणून आरंभीच्या प्रतींना काही अर्थ आहे. पण तो अर्थ द्रव्याचा आहे, अंकाचा नव्हे. पहिली आवृत्ती जपणाऱ्या ग्रंथसंग्राहकाची हौस मी समजू शकते; पण तो निदान कागदाची जात पाहतो.

आणि मग मूळ कशाला म्हणावयाचे? चुंबकीय फीत मूळ म्हणावी तर ती कोणा रसिकाने कधी ऐकलीच नाही. १९७१ च्या श्रोत्याने ऐकली ती खाच. तीत तंत्रज्ञाने आवरलेला आवाज होता, काठाची धार आणि मध्याची चरचर होती. १९९८ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने संस्कार करून कॉम्पॅक्ट डिस्क काढण्यात आली. तीत बास अधिक स्पष्ट ऐकू येतो, लेअर्ड यांचे संयत काम प्रथमच नीट ध्यानात येते, आणि ‘अवेकनिंग’ची अडचण तर मुळातच नाहीशी होते. ते भाषांतर अधिक सुबोध आहे, यात शंका नाही. पण पहिली बाजू संपल्यावर उठून तबकडी उलटावी लागे, आणि त्या शांत कमळानंतर जी क्षणभर स्तब्धता मिळे, ती तेथे नाही. पाठोपाठ नऊ मात्रा अंगावर येतात. ही रचना दोन अंकी नाटकासारखी बांधलेली आहे, आणि मध्यंतर काढून टाकलेले नाटक मला तरी अपुरे वाटते.

संचाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. पहिली तबकडी अमेरिकेतील बिलबोर्डच्या सूचीत ८९ व्या क्रमांकापर्यंत गेली; १९७३ मधील ‘बर्ड्स ऑफ फायर’ १५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली; आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे पाच जण विलग झाले. मॅक्लॉफ्लिन यांनी वीणेचे शिक्षण घेतले आणि मुंबईचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम् वाजविणारे विनायकराम यांच्यासह ‘शक्ति’ संच सिद्ध केला. तेथे मात्र टाळी-खालीचे व्याकरण खरोखरच आले. इकडे पहिल्या तबकडीतील ‘यू नो यू नो’ या मंद रचनेचा एक तुकडा १९९१ मध्ये ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या संचाने आपल्या ‘वन लव्ह’ या गीताच्या तळाशी बसविला, आणि वीस वर्षांनी लहान असलेल्या पिढीने ती चाल नाव न जाणता गुणगुणली.

ग्रंथालयांचे प्रतिनिधी येथे आहेत म्हणून शेवटी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. संग्रहासाठी ही तबकडी घ्यावयाची झाल्यास लेबलाच्या रंगावर किंवा कोरलेल्या अक्षरांवर पैसे खर्च करू नयेत. विक्रेत्याला दुसरी बाजू लावावयास सांगावे आणि शेवटची साडेतीन मिनिटे ऐकावीत. तेथे व्हायोलिन आणि गिटार वेगवेगळे ओळखू आले तर प्रत घ्यावी. दोघांचा मिळून एकच कर्कश आवाज होत असेल, तर ती १ए असली तरी परत करावी.