मुलांच्या खेळाची जागा



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांचे विषय भारदस्त होते. कोणी लोकशाहीवर बोलले, कोणी संतवाङ्मयावर. चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘मुलांच्या खेळाची जागा’ असा विषय कळवला. त्यावर त्यांनी जरा काळजीने विचारले, की हे बालसभेपुढचे भाषण तर नाही ना? आम्ही सांगितले, मुळीच नाही. विषय केवळ प्रौढांचा आहे. खेळावे कसे हे मुलांना उपजतच येते. जागा काय ती आपण द्यायची असते, आणि नेमके तेवढेच आपल्याला साधलेले नाही.

विषयाला कारण घडले ते एका कौटुंबिक सहलीचे. गेल्या मे महिन्यात आमची नातवंडे सुटीला नागपुरास आली. नातू सात वर्षांचा, नात पाच वर्षांची. नागपूरचा मे महिना आपणांस सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. २०२४ च्या मे अखेरीस तर येथल्या एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंशांचा आकडा दाखवला. पुढे हवामान खात्याने यंत्रच बिघडले असल्याचा खुलासा केला. पण तोवर पुष्कळ नागपूरकरांना तो आकडा खरा वाटला होता, यातच सर्व आले. अशा दिवसांत सकाळी दहा ते सायंकाळी सहा मुलांना उंबऱ्याबाहेर पाठवायची सोय नाही. आपल्या शहराला मैदानांचा तोटा नाही. कस्तुरचंद पार्क आहे, महालात चिटणीस पार्क आहे, रेशीमबागेचे मैदान आहे. पण मे महिन्याच्या दुपारी ही मैदाने तव्यासारखी तापतात. घरात मुले, घरात कूलर, घरात पडदे ओढलेला काळोख, आणि मुलांच्या हातात मोबाइल. चौथ्या दिवशी सौभाग्यवतींनी निकाल दिला, की यांना कुठेतरी घेऊन जा, नाहीतर आम्हालाच कुठेतरी पाठवून द्या.

तेव्हा आम्ही उभयता मुलांना घेऊन एका क्रीडागृहात गेलो. अशी बंदिस्त क्रीडागृहे हल्ली मोठमोठ्या बाजारसंकुलांतून निघाली आहेत. त्यांची थट्टा करायला आम्ही येथे उभे नाही. आत गारवा होता, स्वच्छता होती. घसरगुंड्या, जाळीचे बोगदे, उड्या मारायच्या ताणलेल्या चादरी, आणि हजारो रंगीत चेंडूंनी भरलेला एक हौद. चेंडूंच्या अशा हौदाची कल्पना एरिक मॅकमिलन या रचनाकाराच्या नावावर सांगतात, आणि तो १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील सॅन दिएगो येथे प्रथम बांधला गेला, असे म्हणतात. प्रत्येक खांबाला मऊ गादी गुंडाळलेली. पडले तरी लागत नाही. ज्या आईला आठवडाभर घडीची उसंत मिळत नाही, ती तेथे खुर्चीवर तासभर निवांत बसलेली आम्ही पाहिली. हा लाभ लहान नव्हे.

दाराशी एक मेज होते. तेथे तासाचे तिकीट मिळते, मनगटाला कागदी पट्टी बांधतात, आणि मोजे घातल्यावाचून आत सोडत नाहीत. मेजावरच्या मुलीने अदबीने विचारले, “काका, किती मुले?”

आम्ही म्हणालो, “दोन.”

बंधुभगिनींनो, हे उत्तर खोटे होते. मुले तीन होती. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी आमच्याबरोबर आली होती. वय वर्षे दहा. शाळेला सुटी, म्हणून ती आईबरोबर आमच्याकडे येई. धाकटीकडे लक्ष ठेवायला बरी, म्हणून आम्ही तिलाही गाडीत घेतले होते. पाण्याची बाटली तिच्या खांद्यावर, नातीच्या चपला तिच्या हातात. प्रश्न पैशाचा नव्हता; तिसरे तिकीट आम्हाला जड नव्हते. पण ‘किती मुले’ असे विचारताच आमच्या मनाने जी मोजणी केली, तीत ती धरलीच गेली नाही. हिशेबात चूक झाली असती तर ती सुधारता येते. ही चूक नजरेची होती.

वीस मिनिटे ती काचेला नाक लावून उभी होती. आम्ही मासिक चाळत होतो. मग नातू काचेशी आला आणि ओरडला, “आजोबा, ही का नाही येत? आम्हाला दोघांना काही सुचत नाही!” आम्ही तिला म्हटले, “चल, तुझेही तिकीट काढू.” ती म्हणाली, “राहू द्या ना आजोबा, मी इथूनच पाहते.” हे वाक्य तिने रागाने म्हटले असते तर आम्हाला सोपे गेले असते. तिने ते सवयीने म्हटले.

ती आत गेली आणि पाच मिनिटांत त्या क्रीडागृहाचे रूप पालटले. वीस मिनिटे पाहून तिने आतला सारा भूगोल पाठ केला होता. चेंडूंचा हौद ही नदी, आणि घसरगुंडीच्या पायऱ्या हा पहाड. आपल्याकडची पोट्टी ज्याला नदी-पहाड म्हणतात आणि पुण्याकडे ज्याला डोंगर-पाणी म्हणतात, तो खेळ तिने तेथे मांडला. ज्याच्यावर राज्य तो नदीत, बाकीचे पहाडावर. तोवर प्रत्येक मूल आपापल्या पट्टीनिशी एकेकटे घसरत होते. आता अनोळखी दहाबारा मुले एका खेळात आली. कोणाच्या बापाची गाडी कोणती, हे कोणी कोणाला विचारले नाही. थोड्या वेळाने तेथल्या देखरेखीच्या पोराने, पायऱ्यांवर घोळका करू नका, असे बजावले. त्याचेही बरोबर होते. त्याला नियम सांगून ठेवलेले. पण आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्या जागेत खेळणी सर्व होती, खेळ तेवढा नव्हता. खेळ आला तो गल्लीतून, आणि तो घेऊन आली ती आम्ही न मोजलेली मुलगी.

मुलांच्या खेळासाठी वेगळी जागा हवी, हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. पुढे १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. ते का उघडले, ही हकिगत मोठी उद्बोधक आहे. आईबाप कामावर जात आणि मागे मुले चाळींचे जिने व भिंती खराब करीत; म्हणून इमारतींच्या मालकसंस्थेलाच त्यांची सोय करावीशी वाटली. चाळीतलीच एक खोली त्यासाठी दिली गेली. आज ज्या नावाने महागड्या बालशाळा चालतात, त्या नावाचा उगम गरिबांच्या जिन्याखाली आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडकांनी रुजवला. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरास काम करून त्या इकडे आल्या, आणि शहरातल्या सुस्थित घरांतील मुलांवर त्यांचे समाधान होईना. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या, आणि १९५७ साली अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. तेथील आदिवासी मुले शाळेत येत ना. कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे, कोणाला गुरे राखायची. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा मार्ग त्यांनी धरला. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून रूढ झाला आणि १९७५ पासून देशभरच्या योजनेला तो लाभला. आमच्या आजच्या बोलण्याचे सार याच एका गोष्टीत आहे. मूल जागेपर्यंत पोचत नसेल, तर जागा मुलापर्यंत गेली पाहिजे.

आणि त्या जागेत काय असावे? याचे उत्तर डेन्मार्ककडून मिळते. तेथे सोरेन्सन नावाचे उद्यानरचनाकार होते. त्यांनी मैदाने सुंदर आखून दिली. पण मुले ती सोडून पडक्या जागी, बांधकामाच्या टाकाऊ सामानात रमतात, असे त्यांना दिसले. १९४३ साली, देशावर जर्मनांचा अंमल असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे मुलांसाठी एक जागा मोकळी करण्यात आली. तेथे फळ्या, विटा, दोर, जुनी चाके आणि माती, एवढेच ठेवले. सोबत देखरेखीला एक जाणता माणूस. मुलांनी त्यातून घरे उभारली आणि मोडली. तयार वस्तू मुलाला वापरता येते. अर्धवट वस्तू त्याला कामाला लावते. आमच्या मुलीने चेंडूंच्या हौदाची नदी केली, ती याच न्यायाने.

पण एवढ्या दूर तरी कशाला जा? आपल्या नागपुराला याचे शिक्षण नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकीकडे मारबतींची मिरवणूक निघते त्याच दिवशी, आपण तान्हा पोळा भरवतो. ही चाल भोसल्यांच्या काळापासूनची म्हणून सांगतात. चाकावरचा लाकडी बैल सजवून मूल रस्त्यावर येते. कोणाचा बैल मुलाच्या उंचीचा, कोणाचा तळहाताएवढा. घरोघर मुलांना बोजारा मिळतो. बोजारा देताना आपल्यापैकी कोणी मुलाला विचारतो का, तुझे तिकीट कुठे आहे? त्या एका दिवशी शहरातले प्रत्येक मूल आपले असते. आमचे म्हणणे इतकेच, की वर्षातला एक दिवस फार थोडा आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार संमत केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क मुलाला दिला आहे. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. हक्क मिळाला, आता जागा हवी. ती कोठून आणावी?

आमची सूचना साधी आहे. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे ऐन उन्हाचे दोन महिने महानगरपालिकेच्या शाळांच्या इमारती कुलूपबंद असतात. छप्पर आहे, नळ आहे, पंखे आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या वस्तीतच आहेत. वस्त्यांतून समाजमंदिरे आहेत, वाचनालयांच्या खोल्या आहेत. प्रत्येक वस्तीत अशी एक जागा मे महिन्यात मुलांना उघडून द्यावी. मुलांनी सकाळी उन्हाआधी यावे आणि ऊन उतरल्यावर जावे. आत दोन कूलर, पाण्याचे माठ, जुनी टायरे, दोर, खोकी, फळ्या आणि मातीचा एक ढीग. याला फार मोठे अंदाजपत्रक लागत नाही.

कोणी विचारील, मूल पडले तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. देखरेख हवीच, एम्ड्रुपलाही ती होती. आणि देखरेखीला माणसे कोठून आणायची, याची चिंता या सभागृहात तरी नको. पुढच्या पाच रांगांवर नजर टाकली, तर आमच्यासारखी पेन्शनीत निघालेली किती मंडळी दिसतात! दुपारी आपण काय करतो, हे आपल्या घरच्यांना विचारा. आठवड्यातून एक दुपार प्रत्येकाने दिली तर वस्तीची पाळी सहज लागते. महानगरपालिकेकडे किल्ली मागायला जाणाऱ्यांत पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.

त्या दिवशीची शेवटची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. तास भरला आणि नातवंडांना बाहेर बोलावले गेले. मुलगी उशिरा आत गेल्यामुळे तिची वीस मिनिटे शिल्लक होती. आम्ही म्हटले, “खेळ तू, आम्ही थांबतो.” पण तीही त्यांच्यामागे बाहेर आली, आणि नातीच्या चपला शोधू लागली. आम्ही पुन्हा आग्रह केला, तेव्हा म्हणाली, “एकटीने काय खेळायचं, आजोबा?”

पैसे भरलेली ती वीस मिनिटे तेथेच राहिली. ती आम्ही तिचे देणे लागतो, आणि तिच्यासारख्या पुष्कळ मुलांचे हे देणे या शहराकडे थकले आहे. ते फेडायला तिकीटघर नको. सगळ्यांना एकाच वेळी आत येता येईल, अशी एक उघडी खोली पुरे. पुढल्या उन्हाळ्याआधी अशी एक तरी खोली आपण उघडू या, एवढी विनंती करून आम्ही आपले चार शब्द संपवतो.