आणखी एक बोअर मारून पाणी येईल का?

आजचा विषय जरा घरचा आहे.

मी राहतो पुण्यात, कोथरूडला. नळ सोडला की पाणी. आमचं गाव मात्र दुष्काळी पट्ट्यातलं. होळी झाली की टँकरची वाट बघायची. दोन वर्षांपूर्वी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "नवीन बोअर मारायचाय, पुण्या-मुंबईच्या पोरांनी पाच-पाच हजार टाका." मी लगेच टाकले. साडेचारशे फुटांवर पाणी लागलं, गुलाल उधळला, व्हिडिओ आला. भारी वाटलं.

महिन्याभरात काकांचा फोन. "अरे, तो बोअर चालू केला की आपली विहीर उतरते रे."

म्हणजे बघा, मी गावाला नवीन पाणी दिलंच नव्हतं. काकांच्याच विहिरीचं पाणी दुसऱ्या भोकातून काढायला पैसे दिले होते!

असं का होतं? महाराष्ट्राच्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा खडक आहे, बेसाल्ट. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये जेवढं पाणी मुरेल, तेवढंच आपलं. खाली काही समुद्र भरलेला नाही. ग्लास एकच, आपण फक्त स्ट्रॉ वाढवतो.

आता एक सोपा हिशोब करू. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं शिवार ५०० हेक्टर आणि पाऊस फक्त ४०० मिलिमीटर धरला, तरी वर्षाला २०० कोटी लिटर पडतं. आणि हजार माणसांना रोज माणशी ५५ लिटर दिलं, तर वर्षाला लागतात साधारण २ कोटी. शंभरातला एक भाग! मग टँकर कशाला लागतो? कारण बरंचसं पाणी वाहून जातं, उडून जातं. मुरतं त्यातलं बहुतेक पिकं पितात, आणि कुठलं पीक किती पिणार, हे कुणी ठरवतच नाही.

हे ठरवून दाखवलं ते पुण्याजवळच, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला. विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी लोकांना रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडताना पाहिलं. मग नायगावच्या देवस्थानची ४० एकर माळरान जमीन भाड्याने घेतली, बांध घातले, पाणी अडवलं, विहीर खोदली. पण खरी कमाल पुढे आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने नियम केले. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने मिळणार. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस बंद.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचंही तसंच. पोपटराव पवारांच्या गावात चर खोदले, बांध घातले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, आणि ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवते. पाऊस कमी, तर पिकंही तशीच. हे फार कमी लोक सांगतात.

हा सगळा हिशोब मी परवा गावच्या ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले. मग एका दादाचा रिप्लाय, "म्हणजे आम्ही ऊस लावायचा नाही का? तू पुण्यात बसून सांगणार?"

खरं सांगू? टोमणा बरोबर लागला. मी स्वतः शॉवरखाली किती पाणी घालवतो, ते कधी मोजलेलं नाही. आणि त्या दादाचं घर त्या उसावर चालतं. पण प्रश्न हाच आहे, आणि तो ग्रुपवर नाही, ग्रामसभेत सुटणार. म्हणून पुढच्या ग्रामसभेला मी गावी जातोय. पाच हजार न घेता, हिशोब घेऊन. काका म्हणाले, "ये, पण आधी ऐकून घे, मग बोल."

तुमच्या गावात किती पाऊस पडतो, शिवार किती हेक्टर आहे? आज घरी फोन करून विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!