पंखे विकणाऱ्याची गुप्त मंडळी
(एका जाहीर सभेतील भाषण)



गुप्त मंडळी म्हटली की कॉलेजात शिकलेले तरुण डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत, तिचा पुढारी हातकाठ्या व कागदी पंखे करून विकणारा होता.

फिलिपाईन्स बेटांवर स्पेनचे राज्य तीनशे वर्षांवर चालले. नाव राजाचे, पण गावात हुकूम पाद्र्याचा. उत्तम जमिनी मठांच्या मालकीच्या, कुळे खंड भरून बेजार, आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला दक्षिणा. (हे ऐकून कोणास आपल्या गावची आठवण झाली, तर तो दोष आमचा नव्हे!)

१८९२ च्या जुलैत सरकारने रिझाल या विद्वान डॉक्टरास हद्दपार केले. अर्जविनंत्यांची वाट खुंटली. मनिला शहरातील तोंडो या गरीब वस्तीत आंद्रेस बोनिफासियो राहत असे. आईबाप लवकर वारल्याने शाळा सुटलेली. पुढे परदेशी पेढीच्या गुदामात चाकरी. तरी गड्याने फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा इतिहास वाचला होता! ७ जुलै रोजी त्याने व सोबत्यांनी 'कातिपुनान' स्थापन केली. सभासद स्वतःच्या रक्ताने सही करी. आरंभी एकाने दोघांस आणावे आणि त्या दोघांनी एकमेकांस ओळखू नये, असा नियम होता. तो फार किचकट, म्हणून लवकरच सोडला. नवरे रात्री कोठे जातात व पगार कमी का येतो, असा बायकांस संशय येऊ लागला. तेव्हा सभासदांच्या घरच्या बायकांसही आत घेतले. ही अक्कल आपल्याकडील कित्येक पुढाऱ्यांस अजून सुचलेली नाही.

१८९६ च्या ऑगस्टात छापखान्यातील एका सभासदाने बहिणीजवळ गुपित फोडले आणि ते पाद्र्याच्या कानी गेले. धरपकड सुरू झाली. तेव्हा मनिलाच्या वेशीबाहेर जमून लोकांनी डोईपट्टीचे दाखले टराटरा फाडले. बंड पेटले ते असे.

पुढचे नीट ऐका. मनिलाभोवती बोनिफासियोचे हल्ले फसले. कावितेत आगिनाल्दोने लढाया जिंकल्या. तोही कातिपुनानचाच, पण गावचा कारभारी आणि सुखवस्तू. २२ मार्च १८९७ रोजी तेहेरोस येथे सभा भरली. बोनिफासियो अध्यक्ष. निकाल सर्वांनी मानावा, असे त्यानेच वदवून घेतले. आगिनाल्दो राष्ट्राध्यक्ष निवडला गेला, बोनिफासियोस गृहखाते मिळाले. इतक्यात तिरोना नावाचा गृहस्थ उठून म्हणाला की, या जागेस वकिलीची सनद असलेला मनुष्य पाहिजे. मंडळी उभारताना, रक्ताची सही घेताना सनद कोणी मागितली नव्हती! बोनिफासियोने पिस्तूल उपसले व सभा रद्द ठरवून तो निघून गेला. पिस्तूल काढणे चुकले, असे आमचेही मत आहे. पण पुढे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १० मे १८९७ रोजी त्यास व त्याच्या भावास गोळ्या घातल्या. गोळ्या घालणारे स्पेनचे शिपाई नव्हते. ते आगिनाल्दोचे होते.

१२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. मग अमेरिका आली. खरे स्वातंत्र्य १९४६ साली मिळाले. आणि मठांच्या जमिनी? अमेरिकन सरकारने त्या विकत घेऊन पुढे विकल्या. त्यांतील बऱ्याच पैसेवाल्यांच्या पदरात पडल्या.